आपलेच पैसे मांगाले भेव वाटते

प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातले हे वाचक गवंडी आहेत. वय ३७, शिक्षण बारावी. गेली सात-आठ वर्षं ते पेटीवर कामं घेतात. मोठा ठेकेदार जिल्हा परिषदेचं नाहीतर ग्रामपंचायतीचं काम उचलतो आणि त्यातली विटांची जुडाई, प्लास्टर, नाल्या यांच्याकडे देतो. सोबत गावातलेच दोन मिस्त्री असतात. बिल मात्र यांच्या एकट्याच्या नावावर निघतं, पैसे बँकेत जमा होतात आणि दर बिलातून ठेकेदार १ टक्का ‘टॅक्स’ कापतो.

हे कापलेले पैसे त्यांनी वहीतून जोडून पाठवले आहेत. २०२१-२२ मध्ये ८,४०० रुपये, २०२२-२३ मध्ये ११,२००, २०२३-२४ मध्ये १४,६०० आणि २०२४-२५ मध्ये १७,८००. एकूण ५२ हजार. आयकराचं रिटर्न एकदाही भरलेलं नाही. २०२२ च्या जूनमध्ये वडिलांना अर्धांगवायू झाला, सेवाग्रामच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि कागदपत्रं मागे पडली ती पडलीच.

आता तालुक्याच्या गावी एक जण म्हणतो, चार वर्षांचे मिळून ८० हजार काढून देतो, पंचवीस टक्के माझे, तुम्ही फक्त ओटीपी सांगा. घरात वेगळीच भीती आहे. बायकोला वाटतं, रिटर्न भरलं की लाडकी बहीणचे १,५०० बंद होतील. वडिलांना वाटतं, पीएम किसानचा हप्ता जाईल. आणि यांना स्वतःला वाटतं, ठेकेदाराला कळलं तर पुढचं काम मिळणार नाही. शेवटी ते लिहितात, “आपलेच पैसे मांगाले भेव वाटते, ताई. अन् सोडून द्याले जीव होत नाही. काय करू?”

उत्तर

भाऊ, पत्रासोबत तुम्ही वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला आहे. डावीकडे हजेरी, उजवीकडे मापं. ‘नाली १२० मीटर’, ‘अंगणवाडी प्लास्टर आतून’. आणि दर बिलाच्या आकड्यापुढे लाल पेनाने ‘कट’ लिहून रक्कम. ते पान मी बराच वेळ बघत राहिले. चार वर्षं एकही ‘कट’ न विसरता लिहून ठेवणारा माणूस स्वतःच्या पैशांबद्दल बेफिकीर नाही. तुम्हाला पुढचा रस्ता कोणी दाखवला नाही, एवढंच झालं.

तुमच्या पत्रात एक शब्द तीनदा आला आहे, ‘काढणे’. रिफंड काढून देतो, पैसे काढता येतात का, किती निघतील. आपल्या भागात हा शब्द सहज तोंडात येतो, कारण विमा काढायचा असतो, अनुदान काढायचं असतं, नुकसानभरपाई काढायची असते. रिफंडची गोष्ट निराळी आहे. इथे सरकार काही देत नाही. तुमच्या बिलातून आगाऊ कापून सरकारजमा झालेली रक्कम तुमच्या खऱ्या करापेक्षा जास्त निघाली, तर वरची रक्कम परत येते. म्हणून जेवढं कापलं, फार तर तेवढंच परत येणार आणि त्यावर कायद्याने बसेल ते थोडं व्याज. तुमचे एकूण कापले गेले ५२ हजार. मग हा माणूस ८० हजार आणणार कुठून? या एका प्रश्नावरच त्याचं बोलणं संपायला हवं होतं.

आता १ टक्का का कापतात ते बघू. ठेकेदाराने एका वेळी ३० हजारांच्या वर किंवा वर्षभरात १ लाखाच्या वर पैसे दिले, तर आयकर कायद्याच्या कलम १९४सी प्रमाणे त्याने व्यक्तीच्या बिलातून १ टक्का कापलाच पाहिजे. म्हणजे त्याने तुमच्यावर अन्याय केलेला नाही. पण हा १ टक्का पूर्ण बिलावर कापला जातो आणि आयकर मात्र बिलावर नसतो, हातात उरलेल्या कमाईवर असतो. तुमचं २०२४-२५ चं काम झालं १७ लाख ८० हजारांचं. मजुरी, सेंट्रिंगच्या पाट्यांचं भाडं, मिक्सरचं डिझेल आणि दोघा मिस्त्रींचा वाटा गेल्यावर तुम्हाला साडेतीन लाख उरले, असं तुम्ही लिहिता. त्या वर्षीच्या नव्या कर-रचनेत पहिल्या ३ लाखांवर कर नाही. उरलेल्या ५० हजारांवर ५ टक्क्यांनी अडीच हजार होतात, आणि उत्पन्न ७ लाखांच्या आत असल्याने कलम ८७ए च्या सवलतीत तेही माफ. कर शून्य. म्हणजे कापलेले सगळे १७,८०० तुमचेच.

हे सरळ, खरं सांगून मिळतं. खोटी विमा पॉलिसी, खोटं घरभाडं, राजकीय पक्षाला दिलेली खोटी देणगी, यातलं काहीही दाखवायची गरज नाही. तरी हे लोक तसं दाखवतात, कारण त्यांचं पोट टक्केवारीवर चालतं. रिफंड जेवढा फुगवाल तेवढा त्यांचा वाटा मोठा. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी अशाच खोट्या वजावटींची तपासणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड बसू शकतो. आणि नोटीस त्या दुकानाच्या पत्त्यावर येत नाही. तुमच्या पॅनवर, तुमच्या नावाने येते. ओटीपी तर कोणालाही सांगू नका. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांच्या आयकर खात्यावर मोबाईल नंबर, ईमेल, बँक खातं सगळं दुसऱ्याचंच होतं. रिफंड आला तरी त्यांना कळलं नाही आणि नोटीस आली तीही कळली नाही.

पण पैसे मागण्याआधी एक शंका मी तुमच्याच वहीवर घेणार आहे. तुम्ही ‘१ टक्का टॅक्स’ लिहिलं आहे. तो आयकरच होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

सरकारी कामाचं बिल निघताना मोठ्या ठेकेदाराचे बरेच पैसे कापले जातात. आयकर, जीएसटीचा टीडीएस (म्हणजे बिलातूनच आगाऊ कापलेला कर), रेती-गिट्टीची रॉयल्टी, अनामत रक्कम, आणि १ टक्का कामगार उपकर, ज्याला सगळे लेबर सेस म्हणतात. पुष्कळ ठेकेदार हा सेस खालच्या माणसाच्या बिलातून वळता करतात आणि चिठ्ठीवर लिहितात फक्त ‘टॅक्स’. आकडा तोच, १ टक्का. पण सेस आयकर विभागाकडे जात नाही, त्यामुळे तो रिटर्न भरून परत येत नाही. तो पैसा महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. (तुमच्या दोघा मिस्त्रींनी आणि हाताखालच्या रेजा-कुलींनी तिथे नोंदणी केली आहे का? वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम, एवढ्यावर नोंदणी होते. सेसचा पैसा त्याच वाटेने कामगाराच्या घरी यायला हवा. हे पत्र रिफंडचं असलं तरी ही गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते.)

म्हणून आधी फॉर्म २६एएस बघा. आयकरच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन टाकून, स्वतःच्या मोबाईल नंबरावर नोंदणी केली की हा फॉर्म फुकट दिसतो. तिथेच एआयएस नावाचं वार्षिक माहितीपत्रकही असतं. कोणत्या ठेकेदाराने कोणत्या तारखेला किती बिल दिलं, किती कापलं आणि किती भरलं, ते सगळं त्यात ओळीने येतं. एका हातात तुमची वही धरा, दुसऱ्या हातात हा कागद. लाल पेनाची प्रत्येक ‘कट’ तिथे सापडते का ते बघा. सापडली तर ती तुमची. नसेल तर पैसे कुठे गेले, हे ठेकेदाराला विचारावं लागेल.

इथे तुमची तिसरी भीती येते, आणि ती मला खोटी वाटत नाही. ज्याच्या भरवशावर वर्षाचं काम आहे त्याला हिशोब विचारणं सोपं नसतं. पण विचारायचं काय आणि कोणाला, यावर बरंच अवलंबून असतं. साहेबांसमोर सरपंच बसलेले असताना ‘माझे पैसे कुठे गेले’ म्हणू नका. त्यांचं अकाउंट जो बघतो त्याला फोन करा आणि म्हणा, “बँकेत लोनसाठी रिटर्न भरतो आहे, माझा फॉर्म १६ए पाहिजे.” फॉर्म १६ए म्हणजे तुमच्या बिलातून किती कर कापला त्याचं प्रमाणपत्र, ते तुम्हाला देणं ठेकेदाराचं कामच आहे. कापलेले पैसे त्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचे असतात (मार्चचे ३० एप्रिलपर्यंत) आणि दर तीन महिन्यांनी त्याचं विवरण द्यायचं असतं. विवरणाला उशीर झाला तर त्याला दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं. बरेचदा पैसे भरलेले असतात आणि तुमचा पॅन एका अक्षराने चुकीचा पडलेला असतो. ते दुरुस्ती विवरण देऊन सुधारता येतं, त्यात ठेकेदाराच्या खिशातून तुमचा रिफंड जात नाही. तुम्ही रिफंड घेतल्याने त्याचं एक रुपयाचंही नुकसान नाही, हे त्याला माहीत असतं. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून भीती होती.

हो, आणि पॅन न देता कधी कोणाचं काम केलं असेल तर लक्षात ठेवा, पॅन नसला की १ टक्क्याच्या जागी २० टक्के कापले जातात आणि तुमच्या नावावर काही दिसतही नाही. आधारशी न जोडल्यामुळे पॅन बंद पडलेला असेल तरी २० टक्केच, शिवाय रिफंड अडकतो. तो आधी चालू करून घ्या.

आता वर्षांकडे येऊ, कारण इथे घाई आहे. मी हे नोव्हेंबर २०२५ च्या मध्यावर लिहिते आहे. २०२४-२५ चं रिटर्न भरायची मुदत वाढून १६ सप्टेंबरला संपली. तरी उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येतं. तुमचं उत्पन्न ५ लाखांच्या आत असल्याने उशिराचं शुल्क १,००० रुपये. ते वजा जाता १६,८०० हातात येतील. वेळेत भरलं असतं तर हजार वाचले असते आणि १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याजही बसलं असतं. ते गेलं, त्याचं दुःख करू नका. कापूस वेचणीच्या गडबडीत डिसेंबर निघून जाऊ देऊ नका, एवढंच.

मागची तीन वर्षं मात्र अशी सरळ येणार नाहीत. त्या माणसाने तुम्हाला ‘आता चार वर्षांपर्यंत अपडेटेड रिटर्न भरता येतं’ असं सांगितलं असणार. अपडेटेड रिटर्नची मुदत चार वर्षांपर्यंत वाढली हे खरं आहे, पण ते राहिलेला कर भरण्यासाठी आहे. त्यातून रिफंड मागता येत नाही. तुम्हाला लागणारा रस्ता दुसरा आहे, कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज. तो पोर्टलवरूनच करता येतो. रिफंड १ कोटीच्या आत असला की निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त स्तरावर होतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार ज्या करनिर्धारण वर्षाचा (कमाईच्या वर्षाच्या पुढच्या वर्षाचा) रिफंड आहे ते संपल्यापासून ५ वर्षांत हा अर्ज करावा लागतो. तुमच्या २०२१-२२ च्या पैशांसाठी ही मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत आहे, म्हणजे तिथे श्वास घ्यायला जागा आहे.

अर्जात दोन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. पैसे खरंच तुमचे आहेत, आणि वेळेत मागता आले नाहीत याला खरी अडचण होती. ‘माहीत नव्हतं’ एवढंच लिहिलेला अर्ज दुबळा ठरतो. पण २०२१-२२ चं रिटर्न जुलै २०२२ मध्ये भरायचं होतं आणि जूनमध्ये वडील अंथरुणाला खिळले. सेवाग्रामची फाईल, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं जपून ठेवली असतील तर ती काढा. तारखाच तुमच्यासाठी बोलतील. पुढच्या दोन वर्षांचं कारण थोडं कच्चं आहे, हे मी लपवत नाही. वडिलांची शुश्रूषा तुमच्याच अंगावर होती, फिजिओथेरपीच्या फेऱ्या चालू होत्या, असं असेल तर त्याचेही कागद लावा. नसेल तर नसलेलं कारण तयार करू नका. मी तुमच्या जागी असते तर २०२१-२२ आणि २०२२-२३ चे अर्ज नक्की केले असते, आणि २०२३-२४ चाही केला असता. पण ते पैसे येतील असं धरून कोणाला शब्द दिला नसता. अशा रिफंडवर व्याज मिळत नाही, आणि निर्णयाला काही महिने जातात. या अर्जांसाठी मात्र एखाद्या सीए किंवा करसल्लागाराला गाठा. यवतमाळला, वणीला, पुसदला आहेत. फी आधी ठरवा, ठराविक रकमेत. टक्केवारीत ठरवू नका.

२०२४-२५ चं रिटर्न तुम्ही बारावी शिकलेले, मोबाईल वापरणारे, स्वतःही भरू शकाल, निदान शेजारी बसून भरून घेऊ शकाल. तुमच्यासारख्यांसाठी कलम ४४एडी आहे, त्यात पक्की हिशोबाची पुस्तकं ठेवावी लागत नाहीत. बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोख आलेल्याच्या किमान ८ टक्के उत्पन्न धरतात. फॉर्म आयटीआर-४, त्याचं नाव ‘सुगम’. आता कोणी म्हणेल, ६ टक्क्यांनी तुमचं उत्पन्न १,०६,८०० होतं, तेवढंच दाखवा. ती खालची पातळी आहे. साडेतीन लाख उरले असतील तर साडेतीन लाखच लिहा. कर दोन्हीकडे शून्यच आहे, मग कमी लिहून मिळवायचं काय? उलट उद्या मिक्सर मशीनसाठी किंवा घरासाठी बँकेत गेलात की मॅनेजर रिटर्नवरचाच आकडा बघतो. १ लाख कमाईवाल्याला कर्ज कोण देणार?

एकूण जमा मात्र २६एएस मध्ये दिसते तेवढी तरी दाखवाच. तिथे १७ लाख ८० हजार आणि रिटर्नमध्ये ९ लाख, असं झालं की रिफंड थांबतो आणि नोटीस निघते. आणि काम वर्षाला २० लाखांच्या पुढे जायला लागलं की जीएसटीच्या नोंदणीचं विचारून घ्या. तुम्ही त्या उंबऱ्याजवळ आला आहात.

शेतीचं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, चार एकर, कपाशी अन् तूर. सातबारा वडिलांच्या नावे आहे, तेव्हा ते उत्पन्न वडिलांचं. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या पेटी ठेकेदारांनी लक्ष द्यावं, कारण आपल्याकडे अर्धे मिस्त्री शेतकरीच आहेत. सातबारा तुमच्या नावे असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न वर्षाला ५ हजारांच्या वर असेल, तर सुगम फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. शेतीवर कर नाही, पण ते दाखवावं लागतं. ही चूक मी फार पाहिली आहे.

बँक खात्याचंही एक. रिफंड पॅनवरच्या नावाशी जुळणाऱ्या आणि पोर्टलवर आधी तपासून घेतलेल्या खात्यातच जमा होतो. पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि पासबुकावर नुसतं नाव-आडनाव, असं असेल तर आधी बँकेत जा. तुमचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं, असं तुम्ही लिहिलं आहे. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. तेव्हा आयएफएससी कोड जुन्या पासबुकावरून उतरवू नका, शाखेत विचारून घ्या. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने ते पडताळायचं असतं. ते राहिलं तर भरलेलं रिटर्न धरलंच जात नाही. हा ओटीपी तुम्हीच टाका.

आणखी एक ऐकीव गोष्ट खोडून टाकते. ‘ठेकेदाराला १५जी फॉर्म (माझ्यावर कर बसत नाही, असं लिहून द्यायचा फॉर्म) द्या म्हणजे कटणारच नाही’ असं कामाच्या साइटवर सांगतात. ठेकेदारीच्या बिलांना तो फॉर्म लागू नाही.

आता घरातली गोष्ट. ती मी शेवटी ठेवली, कारण तिथे माझं उत्तर तुम्हाला पूर्ण आवडणार नाही.

वडिलांची भीती सोपी आहे. पीएम किसानमधून ज्याने मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरला तो वगळला जातो, आणि त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. तुम्ही ३७ वर्षांचे, तुमचं कुटुंब वेगळं. शिवाय रिटर्न भरणं म्हणजे कर भरणं नव्हे. तुमचा कर शून्य आहे. बाबांना सांगा, हप्त्याला धक्का नाही.

वहिनींचं तसं नाही. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं अशी अट आहे. केशरी रेशनकार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला मागत नव्हते, म्हणून अर्ज पास झाला. दाखला मागितला नाही, पण अट तर होतीच. तुम्हाला साडेतीन लाख उरतात. म्हणजे पैसे बंद होण्याचं कारण रिटर्न नाही, भाऊ. कमाई आहे. आणि ती कमाई रिटर्न न भरल्याने लपलेलीही नाही. १९४सी ने कापलेलं ठेकेदाराने विवरणात दाखवलं असेल, तर तेव्हाच १७ लाख ८० हजारांचा आकडा तुमच्या पॅनवर चढला. आता ई-केवायसीत नवऱ्याचाही आधार मागतात. ज्या दिवशी दोन याद्या जुळवल्या जातील त्या दिवशी तुम्ही रिटर्न भरलेलं असो की नसो, नाव निघेल.

तुम्ही विचारलं आहे, ‘उत्पन्न अडीच लाखांच्या आत दाखवलं तर?’ नका दाखवू. वर्षाच्या १८ हजारांसाठी खोट्या आकड्याखाली स्वतःची सही करू नका. ती सही दरवर्षी पुन्हा करावी लागेल आणि कमाई वाढेल तसं खोटंही वाढवावं लागेल. योजनेचा लाभ आपणहून सोडायचा अर्ज महिला व बालविकास विभागाकडे देता येतो, अंगणवाडीताईंना विचारा.

पण वहिनींच्या बोलण्यातलं दुसरं दुखणंही ऐका. ते १,५०० कदाचित घरातले असे एकमेव पैसे असतील जे थेट त्यांच्या खात्यात येतात, ज्यांचा हिशोब त्यांना कोणाला द्यावा लागत नाही. ते जातील याची भीती मला समजते, आणि ती पैशांपुरती नाही. तुमच्या वहीत मिस्त्रींची मजुरी आहे, डिझेल आहे, पाट्यांचं भाडं आहे. बायकोच्या नावाची ओळ कुठेच नाही. दर महिन्याच्या पहिल्या बिलातून १,५०० त्यांच्या खात्यात टाकायचे, असं ठरवा. हे आधी करा आणि मग रिटर्नचं बोला. ‘रिटर्न भरतो, तुझे पैसे जातील’ असं सांगणं वेगळं आणि ‘तुझे पैसे आता माझ्याकडून येतील’ असं सांगणं वेगळं.

एक विचारायचं राहिलं, आणि तुम्ही ते पत्रात विचारलेलंच नाही. बिल तुमच्या नावावर निघतं, पण काम तिघे करता. हा १ टक्का कापून उरलेल्या रकमेतून तुम्ही तिघांचे वाटे करत होता, की पूर्ण बिलावर वाटे करून १ टक्का स्वतः सोसत होता? वहीतल्या बेरजा मी तीनदा तपासल्या. मला दिसतं की वाटे ‘कट’ झाल्यावर पडले आहेत. म्हणजे त्या १७,८०० मध्ये तिघांचा घाम आहे. कायद्याने रिफंड तुमच्या एकट्याच्या खात्यात येईल आणि त्या दोघांना कधी कळणारही नाही. पण तुम्ही त्यांच्याबरोबर एकाच परांचीवर उभे राहता. त्यांना आत्ताच सांगा, पैसे यायच्या आधी. रिफंड आला की ज्या हिशोबाने वाटे पडले त्याच हिशोबाने तो वाटून टाका, हजार रुपये शुल्क मात्र तुम्ही सोसा, कारण उशीर तुमच्याकडून झाला. आणि पुढच्या कामापासून वहीत ‘कट’च्या शेजारी आणखी एक रकाना आखा, ‘परत’.

नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आहे. कलमांचे आकडे तेव्हा बदलतील, पण बिलातून कापणं आणि रिटर्न भरून मागणं ही रीत राहणार आहे. तेव्हा हे पान कापून वहीत ठेवायला हरकत नाही. येत्या रविवारी दोघा मिस्त्रींना घरी बोलवा, चहा मांडा आणि २६एएस उघडून पहिलं बिल शोधा. १७,८०० च्या जागी वेगळा आकडा निघाला तर मला लगेच कळवा. ३१ डिसेंबरच्या आत आपण ते बघू.